टाळू तेलकट, टोकं कोरडी: केसांचं रुटीन नक्की कशावरून ठरवायचं?

अबोली

नमस्कार मंडळी,

केसांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "तुझे केस तेलकट की कोरडे?" आणि मला त्याचं एका शब्दात उत्तर देताच येत नाही. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी टाळू तेलकट होते, भांगाजवळचे केस चप्प बसतात, आणि त्याच वेळी खांद्याखालचे केस राठ असतात, टोकांना फाटे फुटलेले. तेलकट केसांचा शाम्पू आणला की टोकांचा पार झाडू होतो, कोरड्या केसांचा आणला की मुळं दिवसभरात चिकट. बाटलीवर एकच प्रकार लिहिलेला असतो आणि डोक्यावर दोन प्रकार नांदत असतात.

माझं स्पष्ट मत आहे की टाळू आणि केस यांचा हिशोब वेगळा ठेवायला हवा. टाळू ही जिवंत त्वचा आहे, तिथे तेलग्रंथी आहेत, घाम येतो. केस एकदा बाहेर आला की तो निर्जीव, त्याची झीज झाली की आतून भरून येत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे माझ्या टोकाचा केस तीनेक वर्षं जुना आहे, तेवढं ऊन, पाणी, कंगवा सगळं त्याने सोसलंय, आणि मुळाजवळचा आत्ताच उगवलाय. दोघांना एकच औषध कसं चालेल?

तर विचारायचं असं की किती वेळा धुवायचे हे तुम्ही कशावरून ठरवता, तेल लावता का आणि लावलंच तर नक्की कुठे, आणि आपल्या केसांचा प्रकार घरच्या घरी ओळखायचा कसा? घरात आम्ही तिघी आणि तिघींच्या तीन तऱ्हा आहेत, बहिणीचे केस कुरळे, आईचे सरळ, बारीक आणि हल्ली विरळ होत चाललेले. एका बाटलीत तिघींचं भागत नाही हे नक्की.

रानजाई

+१. मुळं तेलकट आणि टोकं कोरडी असलेल्या समस्त जनतेतर्फे अनुमोदन. वाचत राहणार.

सुलटउलट

मी शाम्पू फक्त टाळूला लावतो आणि कंडिशनर फक्त कानाच्या खालच्या केसांना, बास. धुताना फेस आपोआप खाली ओघळतो, तेवढ्यात टोकं स्वच्छ होतात, ती वेगळी चोळायची गरज नसते. लांब केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे खसाखसा चोळायची सवय मात्र मोडायला हवी, निम्मा गुंता तिथेच होतो.

कुरळीताई

अबोली, तुझ्या बहिणीसाठी लिहितेय, जरा मोठं होईल.

कुरळ्या केसांचं मूळ दुखणं असं की टाळूवर तयार होणारं तेल सरळ केसावरून जसं सहज खाली उतरतं तसं वळणावळणाच्या केसावरून उतरत नाही. त्यामुळे टाळू ठीक असली तरी लांबी कोरडीच राहते, आणि प्रत्येक वळणाच्या जागी केस थोडा कमजोरही असतो. सरळ केसवाल्यांचे सल्ले आम्हाला लागू पडत नाहीत ते याच कारणाने. रोज धुणं, रोज कोरडे केस विंचरणं, टॉवेलने खसखसून पुसणं, यातलं प्रत्येक काम कुरळ्या केसांचं नुकसान करतं.

माझी पद्धत अशी. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुणं. शाम्पू थेट न ओतता पाण्यात पातळ करून टोकदार तोंडाच्या बाटलीत भरायचा, केसांचे चार भाग करून भांगाभांगातून टाळूवर सोडायचा आणि बोटांच्या पेरांनी हळू फिरवायचा, नखं नाहीत. मग लांबीला भरपूर कंडिशनर, आणि तो केसात असतानाच जाड दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा. टोकाकडून सुरुवात करायची, चार बोटं वर सरकायचं, परत खाली यायचं. वरून एकदम खाली कंगवा ओढला की सगळ्या गाठी एका जागी येऊन बसतात आणि मग केस तुटतो, सुटत नाही. कंडिशनर धुतल्यावर पाणी निथळत असतानाच थोडा न धुवायचा कंडिशनर नाहीतर जेल लावायचं, ओंजळीत बट धरून वर दाबायची आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे पण भुरभुरीतपणा त्यानेच आटोक्यात येतो.

पुसायला जुना सुती टीशर्ट. टॉवेलच्या फाशात केस अडकतात.

मुक्ताफळ

कुरळीताई, गुंता ओल्या केसात काढायचा? ओले केस विंचरू नयेत असंच आजवर ऐकलंय!

कुरळीताई

@मुक्ताफळ, ते सरळ केसांसाठी बरोबर आहे. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून सरळ केसवाल्यांनी थोडे वाळू द्यावेत, मग विंचरावेत. कुरळे केस कोरडे विंचरले तर एकमेकांत अडकून त्याहून जास्त तुटतात, म्हणून ते ओले असताना, पण कंडिशनरचा निसरडेपणा असतानाच. नुसत्या पाण्याने ओले असताना मीही कंगवा लावत नाही.

पिंपळपान

किती वेळा धुवायचे याबद्दल माझा अनुभव सांगते. पूर्वी रोज धुवायचे तेव्हा रोज तेलकट व्हायचे. हळूहळू एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं करत गेले आणि आता टाळूला तेवढं तेल येत नाही. जितकं धुवाल तितकी टाळू जास्त तेल सोडते, कमी धुवा, तिला सवय होते.

दवबिंदू

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. पिंपळपान, तुमचा अनुभव तुमचाच, तो खोडत नाही, पण कारण मला पटत नाही. तेलग्रंथी किती तेल सोडणार हे मुख्यतः हार्मोन्सवर आणि आनुवंशिकतेवर ठरतं. वर किती वेळा शाम्पू लागला हे आतल्या ग्रंथीला कळत नाही, त्यामुळे तिला 'सवय लावता' येत नाही. म्हणून तर वयात येईपर्यंत मुलांची टाळू फारशी तेलकट नसते, वयात आल्यावर एकदम होते, आणि पाळी गेल्यावर बहुतेक बायकांची पुन्हा कोरडी पडत जाते. धुणं तेच ठेवलं तरी हे होतंच.

किती वेळा धुवायचं याचं माझं उत्तर सोपं आहे: टाळू तेलकट झाली, खाजायला लागली किंवा वास आला की. कुणाला ते रोज लागेल, कुणाला आठवड्यातून एकदा. तेलकट आणि सरळ केस असतील तर रोज सौम्य शाम्पू लावण्यात काहीही गैर नाही. केस कोरडे पडतील या धास्तीने लोक तेलकट टाळू पाच पाच दिवस तशीच ठेवतात आणि मग कोंडा घेऊन माझ्याकडे येतात.

पिंपळपान

डॉक्टर, ग्रंथींचं कळलं. पण मला फरक पडलाय हे मी रोज आरशात बघते, त्यामुळे दोनदाच धुणार :)

दवबिंदू

खाज नाही, कोंडा नाही, तुम्हाला बरं वाटतंय, मग दोनदाच धुवा की. फक्त दुसऱ्या कुणाला नियम म्हणून सांगू नका एवढंच.

टिवल्याबावल्या

मला कोंडा आहे आणि घरातले सगळे सांगतात की टाळू कोरडी पडलीय, तेल थाप. थापतो. दोन दिवस बरं वाटतं आणि मग काळ्या शर्टावर पुन्हा बर्फवृष्टी. काय चुकतंय?

दवबिंदू

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून थांबले होते!

कोरडी टाळू आणि कोंडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नखाने हलकेच खरवडून काळ्या कागदावर घ्या आणि उजेडात बघा. पांढरा, बारीक, सुटा भुगा असेल, टाळू ताणल्यासारखी वाटत असेल आणि हातापायाची त्वचाही कोरडी असेल तर कोरडेपणा. पापुद्रे मोठे, पिवळसर, बोटाला तेलकट लागणारे असतील, खाज असेल, भुवया आणि नाकाच्या कडेलाही तसंच सुटत असेल तर तो कोंडा किंवा त्याचा थोरला भाऊ, सेबोरिक डर्मटायटिस.

कोंड्यात मॅलासेझिया नावाच्या बुरशीचा मोठा हात असतो. ही सगळ्यांच्याच टाळूवर असते, आणि तिला स्वतःची स्निग्धाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती टाळूवरच्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत ती वाढवायची तरी तेल घालावं लागतं. म्हणजे तुम्ही तेल थापून तिला जेवायला वाढताय. दोन दिवस बरं वाटतं कारण पापुद्रे तेलाने चिकटून बसतात, दिसत नाहीत.

उपाय: टाळूला तेल बंद आणि औषधी शाम्पू. केटोकोनाझोल २ टक्के असेल तर आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. टाळूला लावून ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवायचा, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. मधल्या दिवशी साधा शाम्पू चालतो. आटोक्यात आलं की आठवड्या-दोन आठवड्यातून एकदा लावत राहायचं, कारण बुरशी कायमची जात नाही. घट्ट कुरळे केस असतील तर आठवड्यातून एकदाच, नाहीतर लांबी फार कोरडी पडते. महिन्याभरात फरक नाही पडला तर दाखवा. केसांच्या कडेबाहेर कपाळावर, कानामागे आलेल्या जाड चंदेरी खपल्या सोरायसिसच्या असू शकतात. आणि लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटत असतील तर शाम्पूवर भागवू नका, त्या बुरशीला पोटातून औषध लागतं.

टिवल्याबावल्या

थोरल्या भावाची ओळख करून दिल्याबद्दल धन्यवाद डॉक्टर, काळ्या कागदाची परीक्षा आजच देतो.

रसायनवाला

डॉक्टरांना पुस्ती जोडतो, शाम्पू आणि तत्सम पदार्थ बनवण्याच्याच कामात आहे.

कोंड्याच्या बाटलीवर पुढचं मोठं नाव वाचू नका, मागे घटक वाचा. केटोकोनाझोल, सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिऑन, पायरॉक्टोन ओलामिन हे बुरशीवर काम करतात. सॅलिसिलिक आम्ल पापुद्रे सोडवतं. युरोपीय संघात मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑनला बंदी आहे, त्यामुळे त्याच नावाच्या शाम्पूत तिकडे वेगळा घटक सापडतो, म्हणून बाटली दरवेळी उलटून बघावी. रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांवर सेलेनियम सल्फाइडने रंग बदलू शकतो हेही लक्षात असू द्या.

आता साध्या शाम्पूबद्दल. सोडियम लॉरिल सल्फेट जोरात धुतं, सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य, आणि सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर आणखी सौम्य. 'सल्फेट नाही' एवढ्यावरून शाम्पू चांगला ठरत नाही आणि 'आहे' एवढ्यावरून वाईटही ठरत नाही, पूर्ण मिश्रण बघावं लागतं. तेलकट टाळू आणि सरळ केस असतील तर सल्फेटला घाबरायचं कारण नाही. कुरळे, रंगवलेले किंवा सरळ करून घेतलेले केस असतील तर सौम्य घ्या.

आणि कृपा करून खायचा सोडा आणि लिंबाचा रस डोक्यावर घालू नका. टाळूचा पीएच (आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल, वर अल्क) ५.५ च्या आसपास, केसाच्या पृष्ठभागाचा त्याहून कमी. सोड्याचं पाणी ८ च्या वर जातं, त्याने केसाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले उचलले जातात, घर्षण वाढतं, गुंता वाढतो. लिंबाचा रस दुसऱ्या टोकाला, २ च्या जवळपास, टाळूवर ओरखडा असेल तर आग होते. अंगाच्या साबणाच्या वडीनेही तेच, साबण अल्कधर्मी असतो, शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचा साका होतो आणि तो केसांवर बसतो. पाणी जड असेल आणि केस धुतल्यावरही मेणचट लागत असतील तर अधूनमधून ईडीटीए (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारा घटक) असलेला शाम्पू वापरून बघा.

रानजाई

मग तेल लावायचंच नाही का? मला तेलाशिवाय करमत नाही हो.

रसायनवाला

लावा की, फक्त कुठे आणि कशासाठी ते ठरवून लावा. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि हे दरवेळी होत राहिलं की झिजतो. नारळ तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं आणि पाणी कमी शिरू देतं. नारळ, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात केसातल्या प्रथिनांची झीज ठळकपणे कमी झाली ती नारळ तेलाने. म्हणून धुण्याआधी लांबीला आणि टोकांना थोडं तेल लावण्यात अर्थ आहे. टाळूला कोंडा नसेल आणि चोळून छान वाटत असेल तर तिथेही थोडं चालेल. पण तेलाने केस मुळातून दाट उगवतात हे मात्र मी म्हणणार नाही.

बारीक केस असतील तर चार थेंबही जास्त होतात, जाड राठ केसांना तळहातभर कमी पडतं. इथेही सगळ्यांना एकच माप नाही.

मुक्ताफळ

प्रकार ओळखायचा कसा हे राहिलंच. ती पाण्याच्या पेल्यात केस टाकायची परीक्षा खरी का? बुडला तर सच्छिद्र, तरंगला तर नाही.

रसायनवाला

भरवशाची नाही. केसावर तेल किंवा कंडिशनर असेल तर तो तरंगणारच, आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे स्वच्छ केसही वर राहतो. त्यापेक्षा हाताने बघा. एक गळलेला केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं सरकवा. गुळगुळीत लागला तर खवले मिटलेले, खरखर लागली तर उचललेले. धुताना लक्ष ठेवा, केस भिजायला वेळ लागतो आणि वाळायलाही, की पटकन भिजतात आणि पटकन वाळतात? पटकन असेल तर केस झिजलेला, त्याला जास्त कंडिशनर हवा.

जाडीसाठी तोच केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी ठेवा. दोऱ्याच्या मानाने अगदीच बारीक, बोटांना जेमतेम जाणवणारा असेल तर बारीक प्रकार. आणि केस बारीक असणं वेगळं, विरळ असणं वेगळं. बारीक पण दाट केस असतात, जाड पण विरळही असतात.

टाळूसाठी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी टिपकागद किंवा पातळ टिशू भांगावर आणि कानामागे दाबून बघा. दोन्हीकडे डाग उठला तर तेलकट, नुसता भांगावर उठला तर मिश्र, कुठेच नाही तर कोरडी. केसांचं वळण बघायचं तर काहीही न लावता धुवून आपोआप वाळू द्या.

नवी_आई

मला थोडं वेगळं विचारायचंय. बाळ चार महिन्यांचं आहे आणि केस मूठमूठभर गळतायत. फरशीवर, उशीवर, बाळाच्या मुठीत, सगळीकडे माझेच केस. शाम्पू बदलून पाहिला, काही उपयोग नाही. रडायला येतं खरंच.

दवबिंदू

नवी आई, आधी एक श्वास घ्या. हे शाम्पूमुळे होत नाहीये आणि शाम्पूने थांबणारही नाही. गरोदरपणात हार्मोन्समुळे जे केस एरवी गळले असते ते डोक्यावर टिकून राहतात, बाळंतपणानंतर ते सगळे एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-चार महिन्यांनी गळतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त दिसतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया, खूप कमी खाऊन घटवलेलं वजन यानंतरही दोन-तीन महिन्यांनी असंच होतं.

गळलेला केस उचलून त्याचं टोक बघा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो मुळातून आलाय, आयुष्य पूर्ण करून. गोळा नाही, केस आखूड आणि टोक चिरलेलं असेल तर तो मधेच तुटलाय, आणि तिथे मात्र कंगवा, उष्णता, घट्ट बांधणं हे सगळं तपासायचं. दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही जातात, आणि तीन दिवसांनी धुणाऱ्याला ते एकदम दिसतात म्हणून घाबरायला होतं.

वर्षभराने थांबलं नाही, किंवा फार थकवा असेल तर रक्त तपासा, लोह आणि थायरॉइड दोन्ही. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं.

नवी_आई

आत्ताच बघितलं, सगळ्या केसांना तो पांढरा गोळा आहे. जीव भांड्यात पडला डॉक्टर, मनापासून आभार.

पिंपळपान

नवी आई, माझेही असेच गेले होते आणि परत आले. कपाळापाशी छोटे छोटे उभे केस दिसायला लागले की समजायचं नवीन फौज आली.

सुलटउलट

बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात का? सगळीकडे त्याच दिसतात.

दवबिंदू

शरीरात बायोटिनची कमतरता असेल तर उपयोग होतो, पण ती फार क्वचित असते. एक मात्र जरूर सांगते, जास्त मात्रेचं बायोटिन घेत असाल तर रक्ततपासणीआधी डॉक्टरला आणि लॅबला सांगा. थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे त्याने चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्येच याबाबत इशारा दिलाय.

चकचकीत

माझं डोकं पूर्ण तुळतुळीत आहे, पण टाळू आहे, म्हणजे धाग्यावर हक्क आहे. तेल तेवढंच येतं, कोंडाही होतो, आणि ऊन थेट लागतं. मी रोज सौम्य क्लिंझरने धुतो, बाहेर जाताना सनस्क्रीन लावतो, टोपी घालतो. केस गेले की टाळूची काळजी संपली असं समजणारे बरेच मित्र आहेत, त्यांच्यासाठी हा प्रतिसाद.

दवबिंदू

चकचकीत, शंभर टक्के अनुमोदन. टाळूवरचा न भरणारा व्रण, खपली निघून परत येणारा डाग असं काही दिसलं तर लगेच दाखवा हेही तुमच्या मित्रांना सांगा.

जलपरी

अवांतर होईल पण पोहणाऱ्यांसाठी लिहिते. तलावात उतरायच्या आधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा, वर थोडा कंडिशनर लावा, मग टोपी. केस आधीच पाणी प्यायलेला असला की क्लोरिनचं पाणी कमी शोषतो. बाहेर आल्यावर लगेच धुवा. फिक्या रंगाचे केस हिरवट होतात ते पाण्यातल्या तांब्यामुळे, क्लोरिनमुळे नाही.

आणि ड्रायरला सगळे शिव्या घालतात, पण तो साधारण १५ सेंटिमीटर लांब धरून, सतत हलवत, मध्यम उष्णतेवर वापरला तर फार बिघडत नाही. लांब दाट केस तासन् तास ओले ठेवणंही केसांना मानवत नाही.

मुक्ताफळ

घट्ट बांधण्याबद्दल वर ओझरता उल्लेख आलाय, त्यावर मला जोर द्यायचाय. माझ्या मैत्रिणीची कपाळाजवळची केसांची रेषा रोजच्या घट्ट पोनीने मागे गेली आणि काही ठिकाणी परत आलीच नाही. तिला पार्लरमध्ये सांगत राहिले की प्रथिनांचा लेप लावा, आणखी एक सीटिंग घ्या. कुणीही पोनी सैल कर असं सांगितलं नाही. बांधल्यावर डोकं दुखत असेल, कानशिलाजवळ पुळ्या येत असतील तर ते ताणाचं लक्षण आहे, तेव्हाच सोडा.

अबोली

केवढं लिहिलंय सगळ्यांनी! वाचता वाचता टिशूची परीक्षा केली, भांगावर स्पष्ट डाग, कानामागे काहीच नाही. म्हणजे मी मिश्र. केस चिमटीत सरकवला तर वरचा अर्धा गुळगुळीत आणि खालचा खरखरीत, अगदी बोटाला कळतं कुठे बदलतो ते. हे एवढ्या जवळून कधी बघितलंच नव्हतं.

तर मी एक दिवसाआड टाळूला साधा शाम्पू, धुण्याआधी अर्धा तास टोकांना थोडं नारळ तेल, धुतल्यावर कानाखाली कंडिशनर असं ठरवतेय. फाटे फुटलेला भाग कापूनच टाकणार, तो कशानेच जुळत नाही. बहिणीला कुरळीताईंचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. आईसाठी काय करू? तिचे बारीक केस कंडिशनर लावला की डोक्याला चिकटतात आणि विरळपणा जास्त दिसतो, म्हणून ती लावतच नाही, आणि मग गुंता होतो.

रसायनवाला

आईंना पातळ, हलका कंडिशनर आणा, नुसत्या शेवटच्या चार बोटांना लावायचा आणि चांगला धुवायचा. किंवा क्रम उलटा करा, आधी कंडिशनर, मग शाम्पू. गुंताही सुटतो आणि केस चप्पही बसत नाहीत. जाड लेप, तेलाचे सीरम टाळा. आखूड कापले तर दाट दिसतात, पण कापल्याने दाट उगवत नाहीत हेही त्यांना सांगा, म्हणजे अपेक्षाभंग नको.

दवबिंदू

अबोली, आईंचा भांग मागच्या एक-दोन वर्षांच्या फोटोंमध्ये बघा. भांगाची रेघ रुंद होत गेलेली दिसली तर तो आनुवंशिक विरळपणा असू शकतो, त्यावर औषधं आहेत आणि लवकर सुरू केली तर जास्त उपयोग होतो. शाम्पू बदलत बसण्यात वेळ घालवू नका.

अबोली

फोटो काढून बघते आजच. शेवटचा प्रश्न, नवीन रुटीन लागू पडतंय की नाही हे किती दिवसांनी कळतं?

रसायनवाला

केसांचा स्पर्श पहिल्या दोन-तीन धुण्यात कळतो. टाळूला महिनाभर द्या. गळणं कमी झालं की नाही हे तीन महिन्यांआधी सांगताच येत नाही, कारण गळायच्या अवस्थेत गेलेला केस साधारण तेवढा काळ डोक्यावरच असतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, शाम्पू, तेल, कंडिशनर सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

अबोली

मग आधी फक्त शाम्पू टाळूपुरता आणि कंडिशनर कानाखाली, तेल पुढच्या महिन्यात. टिवल्याबावल्या, तुमच्या काळ्या कागदावर काय निघालं ते सांगा.

टिवल्याबावल्या

पिवळसर, तेलकट, आणि भुवयांतही सापडले. तेलाची बाटली टाळूपुरती रिटायर केली, औषधी शाम्पू आणलाय, पाच मिनिटांचा टायमर लावून उभा आहे.